दहावा प्रवेश

९ जून, सोमवार

संचालकांनी आज खोलीत बोलावून कॉफी पाजली. आमच्या विद्यापीठात वरच्यांनी कॉफी पाजली की समजून घ्यावं, काहीतरी काढून घ्यायचं ठरलेलं आहे. माणूस नवा आहे, वाईट नाही. वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आणि बोलायला मऊ. म्हणाले, "तुमच्या कोर्सबद्दल सगळ्यांना आदर आहे, मॅडम." आदर हा शब्द निघाला तेव्हाच मी कप खाली ठेवला. एकतीस जुलैपर्यंत दहा जणांनी प्रवेश घेतला तर नवी तुकडी सुरू होईल. नाही घेतला तर सध्या दुसऱ्या वर्षाला आहेत ती मुलं बाहेर पडतील आणि कोर्स बंद. त्या जागी शहरांच्या आकडेवारीचा एक संगणकी डिप्लोमा यायचा आहे.

आमच्या कोर्सचं नाव 'आंतरविद्याशाखीय अभ्यास आणि नागरी धोरण', एम.ए. पाटीवर दोन ओळी लागतात, म्हणून मुलं नुसतं 'अर्बन' म्हणतात. चौदा वर्षांपूर्वी अनंतकृष्ण आणि मी मिळून तो उभा केला. ते साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकवणारे, मी नगरनियोजन आणि धोरण. सकाळी ते मुलांकडून एखादं जुनं काव्य वाचून घ्यायचे, दुपारी मी त्याच गावाचा नकाशा पसरायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघं एकाच फळ्यापुढे उभे राहून एकमेकांची मतं खोडून काढायचो. एका वर्गात दोन मास्तर आणि दोघांचं पटत नाही, हीच आमची शिकवण्याची पद्धत. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि शहराबाहेर, बसच्या अंतरावर समुद्रकाठी असलेल्या कोवलमला राहायला गेले. तेव्हापासून तो फळा मला एकटीला जरा जास्तच लांबरुंद वाटतो.

घरी येऊन ही वही काढली. कितीतरी वर्षांनी. आजोबांनी मला पुण्याहून येणाऱ्या मासिकांवरून मराठी लिहायला शिकवलं, त्यामुळे माझं लिहिणं पुस्तकी आणि बोलणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तंजावरच्या मराठ्यांचं, घरचं. इथं लिहिलेलं कुणी वाचेल ही भीती नाही. अम्माला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि भावाची मुलगी दिव्यश्री देवनागरी वाचते ती एकेका अक्षरावर बोट ठेवून.

मी हा कोर्स मरू देणार नाही. हे मी आज इथं लिहून ठेवते.

१४ जून, शनिवार

तीन अर्ज आले आहेत. पैकी एकानं 'अर्बन म्हणजे आर्किटेक्चर का' असं विचारलं आहे.

दिवसभर जुने फोटो काढून बसले होते. माहितीपत्रकासाठी हवे होते, पण एकही निवडला नाही. पहिली तुकडी कोवलमच्या किनाऱ्यावर होड्यांना टेकून बसली आहे आणि अनंतकृष्ण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहून काहीतरी वाचतायत. त्यांच्या मागे मी, छत्री धरून, तोंड वाकडं करून. त्या दिवशीचं भांडण मला अजून आठवतं. मी म्हणत होते, इथल्या लोकांना आधी बस हवी. ते म्हणत होते, आधी त्यांना काय हवं ते म्हणण्याची जागा हवी. अनंतकृष्णही आमच्यासारखेच तंजावरचे मराठी, त्यामुळे इंग्रजीत सुरू झालेलं भांडण चिडल्यावर मराठीत उतरायचं. वर्गात कुणाला मराठी कळत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती. मुलं दारात लटकून गाणी म्हणत आली आणि आम्ही दोघं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून भांडण पुरं केलं.

तेव्हा पेरुंगुडीच्या रस्त्यावरून दलदलीतले पक्षी दिसायचे. आता मेट्रोचे खांब दिसतात. मी धोरणाची बाई, मेट्रो हवी असं लेखातून म्हणत आले आणि आता खांबांकडे बघून उसासे टाकते. हसायचंच असेल तर मीच मला हसते.

२२ जून, रविवार

सहा झाले. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन करून नाकी नऊ आले. लोक म्हणतात, "छान आहे हो, पण मुलगा पुढे काय करणार?" मी सांगते, शहर कसं चालतं ते त्याला कळेल. पलीकडचा माणूस हवापाण्याकडे वळतो.

जेवताना मी दिव्यश्रीला म्हटलं, "तूच ये की. नोकरीला तीन वर्षं झाली, आता शीक जरा." अर्धं थट्टेनं म्हटलं होतं. ती पानात बघत होती. मग म्हणाली, "सरी, आत्या."

एवढंच. सरी म्हणजे बरं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तिनं ती अर्धी टाकली. गंभीर विचारात असली की तिची भूक जाते, लहानपणापासून तसंच आहे.

ही पोर सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दवाखान्यांसाठी काहीतरी करतात ते लोक. भाऊ वेंकट आणि वहिनी त्रिचीला, म्हणून ती आमच्याकडे राहते. बारशाला हिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. आमच्याकडे आत्यानं कानात कुर्र केलं की त्या लेकरावर आत्याचा हक्क आईच्या खालोखाल. अम्मा सांगते, बाकी पोरं नाव ठेवताना रडतात, ही डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली होती.

अम्मा मात्र आज उगाच मध्ये बोलली. "पोरीला विचारलीस काय गे? का नुसतं सांगून सोडलीस?"

म्हटलं, "तुझ्यासमोर तर विचारलं."

"तसं काय," म्हणाली आणि ताक ओतून घेतलं.

२९ जून, रविवार

अनंतकृष्ण कोवलमहून आले. महिन्यातून एकदा येतात, अम्माच्या तब्येतीची चौकशी करायला. अम्मा त्यांना चांदीच्या टंबलरमधून कॉफी देते. मला स्टीलच्या. मी एकदा तक्रार केली तर म्हणाली, तुझ्या अप्पांचा टंबलर आहे, कुणाला तरी द्यायला नको काय? त्यांना उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी फार आवडते म्हणून तिनं आज मुद्दाम केली. ती मलाही आवडते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांना सांगितलं, आठ पक्के, नववा होईल, आणि दहावी आपली दिव्यश्री. मला वाटलं होतं खुश होतील. त्यांनी टंबलर खाली ठेवला.

"तिनं मागितलं की तुम्ही दिलंत?"

"तुम्हाला कोर्स राहायला हवा की नको?"

"हवा. पण त्या पोरीला पाया करून त्यावर इमारत नको."

"तुम्ही सोडून गेलात. तुम्हाला बोलायला काय जातंय?"

त्यांचा चेहरा उतरला. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. मग ते म्हणाले, "साठ वर्षं झाल्यावर मला काढलं, विद्याबाई. मी गेलो नाही." आणि मग दलदलीच्या नव्या कुंपणावरून आम्ही नेहमीसारखं कडाडून भांडलो. दोन तास गेले. मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले तरी भांडण सुरूच. येताना मी गुणगुणत होते, असं दिव्यश्री म्हणते. तिचं काहीतरीच.

५ जुलै, शनिवार

नववा झाला. मदुराईची एक मुलगी. अर्जात तिनं लिहिलं आहे की तिच्या गल्लीतल्या नळाला पाणी का येत नाही हे तिला शोधायचं आहे. हा अर्ज वाचून मी खुर्चीतून उठून कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या. अशी एक मुलगी आली तरी तुकडी उभी राहते.

दिव्यश्रीनं अजून फॉर्म भरलेला नाही. म्हणते कामाचा रेटा आहे. कानात यंत्र घालून बाल्कनीत तास तास बोलते. आज ती जोरात हसली, "आम्ही सोडवला तो, आम्ही!" असं काहीतरी ओरडली, आणि मला बघून आवाज खाली केला. बिचारीला नोकरी सोडायचं त्यांना सांगता येत नसेल.

११ जुलै, शुक्रवार

अम्मानं आज फर्मान काढलं: पोरीचं इतकं मोठं ठरतंय तर देवापुढे फुलं मागायची. पुढच्या आठवड्यात आडी, म्हणजे इथला आषाढ महिना लागतो, मग काही विचारता येत नाही, म्हणून आजच. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. पानात बांधलेल्या दोन सारख्या पुड्या, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं, देवापुढे ठेवायच्या आणि लहान लेकराकडून एक उचलून घ्यायची. पांढरं आलं तर हो, तांबडं आलं तर नको. वेंकटच्या लग्नाचं असंच ठरलं. माझं एक स्थळही असंच मोडलं होतं; त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

मी शहराचं धोरण शिकवणारी बाई फुलांवर निर्णय घेणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. आणि मग पांढरं यावं म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले. माणूस किती खोटं असतं.

पुड्या अम्मानं स्वयंपाकघरात दार लावून बांधल्या. शेजारच्या हरिणीला बोलावलं, पाच वर्षांची आहे, तिनं डावीकडची उचलली. तांबडं जास्वंद.

दिव्यश्रीनं डोळे मिटून देवाला नमस्कार केला. बराच वेळ केला.

मी म्हटलं, दुसरी पुडी उघडून बघू या, तीत पांढरं आहे ना. अम्मा एवढी संतापली! "देवाला खोटं पाडतेस काय गे?" म्हणून पुडी पदराखाली घेऊन गेली आणि कुठं टाकली कोण जाणे. हल्ली तिचं वय दिसायला लागलंय. बाल्कनीतल्या झाडाची सकाळी उमललेली दोन्ही जास्वंदं तिनं खुडून टाकलीत, आणि तगर पांढरीशुभ्र भरलेली आहे तिला हातसुद्धा लावलेला नाही. पूजेला तगर लागते हेही विसरली.

१२ जुलै, शनिवार

सकाळी दिव्यश्री आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली. "आत्या, फुलांचं असू दे. तुझं तोंड बघवेना मला. मी फॉर्म भरते."

मी तिला जवळ घेतलं. माझी शहाणी पोर. अम्मा दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला. देवाचा शब्द मोडला म्हणून असेल.

१८ जुलै, शुक्रवार

रणवीरचा फोन. आमच्या पाचव्या तुकडीतला, लातूरचा. आता तिकडेच एका नगरपालिकेत आहे. कोर्स बंद होणार असं कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं. म्हणाला, "मॅडम, मी काय करू? निवेदन देऊ? सगळ्या जुन्या मुलांना गोळा करू?" मी म्हटलं, गरज नाही, दहा झाले. तो एवढा खुश झाला की मला भरून आलं.

हा पोरगा दोन वर्षं वर्गात गप्प बसायचा. निरोपाच्या दिवशी उठून स्वच्छ मराठीत बोलायला लागला, आणि अनंतकृष्ण आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे आमची सगळी भांडणं त्याला शब्दन् शब्द कळत होती! मी घाबरून विचारलं, "अरे, सांगायचंस ना?" तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. ते ऐकलं की मला घरी आई-बाबांजवळ बसल्यासारखं वाटायचं." आमची बोली जुन्या वळणाची आहे, परक्या गावात मराठी कानावर पडली म्हणून पोराला घर आठवलं असेल. आज फोनवर शेवटी त्यानं विचारलं, "आणि सर कसे आहेत? एकटेच राहतात अजून?" म्हटलं, हो, बायको गेली त्याला वीस वर्षं झाली, माणसाला सवय होते. तो म्हणाला, "हं." लातूरचे लोक 'हं' फार म्हणतात.

२६ जुलै, शनिवार

मुलाखती. कोर्सचा नियम आहे की दोन शिक्षकांनी मिळून घ्यायच्या, आणि माझ्या खात्यात दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून बाहेरचे परीक्षक अनंतकृष्ण. नऊ झाल्या. मदुराईच्या मुलीनं आम्हा दोघांनाही गप्प केलं. मुलं गेल्यावर त्याच जुन्या खोलीत, त्याच खडखडणाऱ्या पंख्याखाली, आम्ही डब्यातला दहीभात वाटून खाल्ला. मी म्हटलं, बघा, पुन्हा सगळं सुरू होणार. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पुन्हा काही सुरू होत नाही, विद्याबाई. नवं सुरू होतं." मी म्हटलं, निवृत्त झाल्यापासून तुम्ही फारच सुभाषितं बोलता.

दिव्यश्रीची मुलाखत मंगळवारी. तिची म्हणे शनिवारी कामाची वेळ होती. नातं आहे म्हणून मी प्रश्न विचारायचे नाहीत, शेरा तेवढा दोघांचा.

२९ जुलै, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ती माझी निळी साडी नेसून आली होती. मी दिली होती. तिला साडी नेसून चालता येत नाही. समोर बसून 'गुड मॉर्निंग' म्हणाली, जशी मी कुणी परकी असावी.

अनंतकृष्ण प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारतात: या शहरातली कुठली जागा उद्या कुणी पाडायला आलं तर तू भांडायला जाशील? तिनं लगेच सांगितलं, पल्लीकरणैची दलदल. पक्षी, पाण्याचा निचरा, भूजल. सगळं बरोबर. आणि सगळं माझंच, माझ्याच लेखातलं, ओळ न् ओळ.

त्यांनी विचारलं, "तिथं शेवटी कधी गेली होतीस?"

तिनं पदर सावरला. मग खरं सांगितलं. "गेलेच नाही, सर. बसमधून दिसतं."

"मग जाऊ दे ते. तू कुठं जाशील भांडायला?"

आणि ती हसली. गेल्या महिन्याभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "सांगितलं तर तुम्ही हसाल. सिरुसेरीला आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर आमची खिडकीजवळची जागा आहे." मग ती सांगत सुटली. सरकारी दवाखान्यात रुग्ण पहाटेपासून रांगेत उभे राहतात. त्यांना घरूनच वेळ मिळावी म्हणून हे लोक एक यंत्रणा करतायत. म्हातारी माणसं बटणं चुकीची दाबायची आणि यंत्रणा पडायची. चार महिने कुणाला कारण सापडेना. तिला सापडलं. धर्मपुरीच्या एका नर्सनं फोन करून सांगितलं की आज बाहेर रांग नाही, अंगण रिकामं आहे. "आम्ही अस्की उभे राहून टाळ्या वाजवल्या, सर," म्हणाली. सगळे या अर्थी 'अस्की' हा आमचा घरचा शब्द. इंग्रजीत बोलता बोलता तोंडातून गेला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. हात हलत होते, साडीचा पदर खाली आला होता. ती 'माझं काम' म्हणत नव्हती, 'आमचं' म्हणत होती.

ही पोर कुठंही अडकलेली नाही. ती जिथं आहे तिथंच तिला राहायचं आहे. आणि मी तिला तिथून उपटून माझ्या कुंडीत लावायला निघाले होते.

ती बाहेर गेल्यावर अनंतकृष्णांनी शेऱ्याचा कागद माझ्याकडे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी भांडले नाहीत, आणि ते भांडले असते तर बरं झालं असतं. मी लिहिलं: शिफारस नाही. सही केली. त्यांनी खाली सही केली.

म्हणाले, "विद्याबाई, हा आपला कोर्स होता."

मी म्हटलं, "ठाऊक आहे." आणि मग आम्ही दोघं पंखा बंद करून निघालो.

३० जुलै, बुधवार

पोरीला सांगितलं, निवड झाली नाही. तयारी कमी पडली. पूर्वी कधी कुणाला आम्ही नाकारलेलं नाही हे तिला माहीत आहे.

"मला?" म्हणाली. "आत्या, मला नको मणलीस?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. अम्मानं मात्र आज स्वतःहून पायसम केलं. कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, दूध उरलं होतं.

३१ जुलै, गुरुवार

दिवसभर ऑफिसच्या फोनजवळ बसले. फोन आला नाही. पाचनंतर संचालकांना जाऊन सांगितलं, नऊ. ते कागद बघत म्हणाले, "एकासाठी... मॅडम, तुमच्या ओळखीत कुणीच नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं.

मदुराईच्या मुलीला फोन मीच केला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मग नळाचं काय, मॅडम?" मी तिला माझा घरचा पत्ता दिला, म्हटलं, वाचायला काय लागेल ते मी पाठवते, अडलं की विचार. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं. फोन ठेवून तिला पाठवायच्या पुस्तकांची यादी करायला घेतली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

अनंतकृष्ण संध्याकाळी आले. आठवड्याभरात कोवलमहून तिसरी खेप. आले आणि बसून राहिले. मी म्हटलं, झालं, संपलं. ते म्हणाले, "संपलं. पण आता आपण भांडायचं कुठं, तेवढं सांगा."

आतून अम्मा ओरडली, "इकडं भांडा की! घर काय जागा नव्हे काय?"

म्हातारी माणसं काहीही बोलतात, मी तिला दटावलं. ते मात्र हसले आणि म्हणाले, मंगळवारी मला कोवलमहून यायला सोयीचं आहे. योगायोगानं मंगळवारी मलाही तास नाही. कुठल्या तरी पुस्तकाचं एकत्र वाचन करावं असं आम्ही दोघं म्हणतोय. बघू.

३ ऑगस्ट, रविवार

चार दिवस दिव्यश्री माझ्याशी धड बोलली नव्हती. आज दुपारी अम्मा आणि मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा ती येऊन समोर जमिनीवर बसली.

"आत्या, नापास केलीस मणून राग नव्हे. नापास झाल्यावर मला बरं वाटलं, मणून राग आला. माझाच मला. तुझा कोर्स गेला आणि मला बरं वाटलं!" आणि रडायला लागली. "मला यायचंच नव्हतं, आत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलीस कधी? तू मणलीस, तूच ये. मी सरी मणले. तुला नको मणून कसं सांगू?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. वर्गात मी मुलांना दर वर्षी घसा फोडून सांगते, लोकसुनावणीत लोक गप्प बसले म्हणजे होकार धरायचा नाही. पुन्हा विचारा, दुसऱ्या दिवशी विचारा, साहेब बाहेर गेल्यावर विचारा. आणि माझ्याच जेवणाच्या पानाशी बसलेल्या पोरीचं 'सरी' मी ठरावासारखं लिहून घेतलं. चोवीस वर्षांत ती मला पहिल्यांदा नाही म्हणाली. हे ऐकून दुखायला हवं होतं. दुखलंही. पण तिच्या तोंडून ते ऐकताना ती एकदम मोठी दिसली, आणि मला तिचा अभिमान वाटला.

म्हटलं, "आता विचारते. मनापासून सांग. तुला काय हवंय?"

तिनं अम्माकडे बघितलं. अम्मा शेंगेकडे बघत होती.

"सिरुसेरीला घर घ्यायचंय. भाड्यानं. आम्ही तिघी मैत्रिणी. रोज जाऊन येऊन रस्त्यातच दिवस जातो, सगळीकडे खणलंय." थांबली. "दोन वर्षं झाली सांगायचं मणून. कसं सांगायचं कळेना."

मी विचारलं होतं, आणि उत्तर असं आलं. हे घर सोडून जायचं. तू गेल्यावर मी कुणाशी बोलू, असं ओठांवर आलं होतं, अगदी ओठांवर. तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर ती पुन्हा 'सरी, आत्या' म्हणाली असती, हे मला आता ठाऊक आहे.

मी म्हटलं, "जागा हवेशीर बघा. आणि पाणी किती वेळ येतं ते आधी विचारा."

१७ ऑगस्ट, रविवार

आडीत घर बदलायचं नाही असा अम्माचा हट्ट होता, म्हणून आज, पुढच्या आवणी महिन्याच्या पहिल्या दिवशी पोर गेली. दोन बॅगा, एक कुकर, लोणच्याची बरणी, आणि अम्मानं बांधून दिलेली तुळशीची कुंडी. वेंकट त्रिचीहून आला होता, त्यानं सामान उतरवलं. खाली मैत्रिणी गाडीत ओरडत होत्या.

दारात ती माझ्या पाया पडली, अम्माच्या पडली. "येते, आत्या," म्हणाली.

"ये," म्हटलं. जा म्हणायचं नाही, आमच्यात काय आणि तमिळ लोकांत काय, कुणीच म्हणत नाही.

लिफ्ट खाली गेली. मी दारात तशीच उभी होते. अम्मा मागून म्हणाली, "रडायचं तर रडून सोड की गे. मी कुणाला सांगणार अहे?"

कोर्स बंद झाला त्या दिवशी रडले नव्हते. आज दोन्हींचं एकदम रडून घेतलं.